जाऊन राहिला

ताश्कंदच्या आमच्या वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच, एक सामाईक स्वयंपाकघर होतं. चार शेगड्या, त्यातल्या दोन चालू. टवके उडालेली पांढरी मोरी, तिच्यावर कायम ठिबकणारा नळ आणि खिडकीबाहेर चिनाराची उंच झाडं. परदेशात काय शिकलास असं कोणी विचारलं की मी कालवे, निचरा, खारवट जमिनी असलं काहीतरी सांगतो. पुढे नोकरीही त्यावरच केली, म्हणजे ते खोटं नाही. पण डोळ्यांसमोर आधी येतं ते हे स्वयंपाकघर. तिथे मी पोळ्या लाटायला शिकलो, रशियन शिव्या शिकलो, आणि तिथेच एका रविवारी भांडी घासता घासता माझ्या सर्वांत जवळच्या मित्राशी खोटं बोललो. पोळ्या आणि शिव्या मी आजवर खूप जणांना सांगितल्या आहेत. तिसरी गोष्ट सांगायला हे प्रकरण.

त्यासाठी पांढुर्ण्याला जावं लागतं. आमचं घर स्टेशनच्या अंगाला. घरात घड्याळ होतं, पण त्याकडे कोणी पाहत नसे. सकाळी कापसाच्या जिनिंगचा भोंगा झाला की आई चूल पेटवायची, दिल्लीकडची गाडी धडधडत गेली की बाबा शाळेत निघायचे, आणि साडेदहाला सौंसरची बस आली की दारात आवाज यायचा, "मध्या, हायेस का बे?" हा सुखदेव ढोके. त्याचे वडील सौंसरच्या तहसील कचेरीत शिपाई, आई हंगामात कापूस वेचायला जायची. आम्ही दोघं कॉलेजात एका बाकावर. तो रोज बसने यायचा आणि दुपारचा डबा आमच्या वऱ्हांड्यात बसून खायचा. आई त्याला गरम पाटोडीचा रस्सा वाढायची, भरीत वाढायची, "लाजू नोको रे, घे" म्हणून तिसरी भाकर टाकायची. तिचा जीव होता त्याच्यावर. पण त्याचा चहाचा कप वेगळा होता, निळ्या दांडीचा, आणि तो वऱ्हांड्यातल्या कोनाड्यातच असायचा. सुखदेव चहा पिऊन तो स्वतः विसळून ठेवायचा. मला ते दिसत होतं. त्यालाही दिसत होतं. आम्ही दोघंही कधी बोललो नाही. त्याचं न बोलणं निराळं आणि माझं निराळं, एवढं मला आज कळतं.

सोव्हिएत देशात शिकायला जाण्याच्या शिष्यवृत्तीची जाहिरात बाबांनी नागपूरच्या पेपरात वाचली. आम्ही दोघांनी एकाच शाईच्या दौतीतून फॉर्म भरले. आवडता विषय काय, या रकान्यात काय लिहावं यावर अर्धा दिवस वाद झाला. सुखदेव म्हणाला, "पाणी लिही. आपल्याकडं ते नाही, तर ते मन लावून शिकू." मुलाखती झाल्या, यादी लागली. निवडलेल्यांत सुखदेवचं नाव होतं. माझं वेटिंगवर, पहिलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण माझ्यापेक्षा सुखदेवच जास्त हळहळला. "तू येजो बे मागून," म्हणाला, "तोपर्यंत मी तिथं भाकरीची सोय पाहून ठेवतो."

मूळ कागदपत्रं तपासायला सगळ्यांना नागपूरला बोलावलं, वेटिंगवाल्यांनाही. आम्ही पहाटेच्या गाडीने गेलो. रांगेत उभं असताना सुखदेवच्या लक्षात आलं की त्याच्या रहिवासी दाखल्यावर तहसीलचा गोल शिक्का नीट उठलेलाच नाही. नुसती निळसर सावली होती, चंद्रासारखी. दारातल्या माणसाने पाहिलं आणि मान हलवली. कागद पाचपर्यंत घेणार होते. साडेनऊ वाजले होते. सुखदेवने मनात बसचा हिशेब मांडला, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि मला म्हणाला, "मी सौंसरला जाऊन येतो. बाबा तिथंच असन, हातोहात शिक्का मारून घेतो. तीनपर्यंत वापस. नाव पुकारलं तर साहेबाले सांगजो." आणि पळाला.

अकराला नाव पुकारलं. टेबलामागे बसलेले साहेब पुण्याचे होते. बोलण्यावरून लगेच कळायचं, प्रत्येक शब्द इस्त्री करून ठेवल्यासारखा. "सुखदेव ढोके?" मी पुढे झालो. म्हटलं, "सर, तो सौंसरले जाऊन राहिला."

आमच्याकडे याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. जाऊन राहिला म्हणजे या घडीला जातो आहे, वाटेत आहे. खाऊन राहिला म्हणजे खातो आहे. यात राहण्याचा काही संबंध नाही. पण साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "बघा. आपण इथे जागा अडवून ठेवायच्या आणि ही मुलं गावाला जाऊन राहतात. मग अर्ज कशाला करतात?" त्यांनी लाल पेन्सिलीने एक रेघ ओढली. अगदी सरळ रेघ. मग पेन्सिल खाली सरकली आणि माझ्या नावावर थांबली.

मला समजलं नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. मला समजलं होतं. माझी मावशी पुण्याला दिलेली. तिची मुलं दर उन्हाळ्यात आमच्याकडे यायची आणि आमच्या 'करून राहिलो'वर लोटपोट हसायची. "आई, हा म्हणतो जेवून राहिलो. कुठे राहिला गं?" त्यामुळे साहेबांच्या कानात काय शिरलं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. कागदावर शिक्का मारायला गेला आहे, तीन वाजता येतो. एवढंच. साहेबांनी विचारलं, "तुमचे मूळ कागद आहेत?" मी म्हटलं, "आहेत."

सुखदेव तीनला दहा मिनिटं असताना आला. केसांत धूळ, हातात पिशवी, पिशवीत गोल, ठसठशीत शिक्का. साहेब दोन वाजताच यादी बंद करून निघून गेले होते. त्याने मला विचारलं, "तू सांगितलं नाही का?" मी म्हटलं, "सांगितलं होतं." "मंग थांबला काहून नाही?" "मोठे लोक कायले थांबतात." हे म्हणताना मी बुटाच्या टोकाकडे पाहत होतो. त्याने पिशवीची घडी करून खिशात घातली आणि मला बसस्टँडवर नेऊन तर्रीवाले पोहे खाऊ घातले. पैसे त्याने दिले. माझ्या नाकातोंडातून पाणी येईपर्यंत तर्री वाढायला लावली आणि म्हणाला, "चल बे, आपल्या भागातला एक माणूस तरी रशियाले जाऊन राहिला." डोळ्यांतलं पाणी तर्रीवर ढकलता आलं, तेवढं बरं झालं.

पुढचा महिना आमचं घर लग्नघर झालं होतं. गल्लीतली माणसं सल्ले द्यायला यायची. कोणी सांगितलं तिकडे थंडीने कान गळून पडतात, म्हणून आईने तीन कानटोप्या विणून घेतल्या. सावरगावची आत्या पूल ओलांडून आली आणि दिवसभर मूगवड्या घालत बसली. बाबांचं म्हणणं की परदेशात डाळ मिळत नाही, म्हणून डाळ. आईचं म्हणणं की परदेशात मीठसुद्धा आपल्यासारखं नसेल, म्हणून मीठ. ठेच्याची बरणी तर तिने अशी गुंडाळली होती की दिल्लीला तपासणारा माणूस सोडता सोडता दमला आणि तसाच जा म्हणाला. स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबायची. त्या दोन मिनिटांत मला हार घातला, पेढा कोंबला, पाया पडायला लावलं. सुखदेव डब्यात चढून माझी पेटी बाकाखाली सरकवून आला आणि गाडी हलल्यावर उतरला. खिडकीशी धावत म्हणाला, "चिठ्ठी टाकजो. खोटी टाकू नोको, खरं खरं लिहिजो, तिथं कसं काय हाये ते." मी हो म्हटलं.

ताश्कंदला उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी बाजारात गेलो, तर गोणीच्या गोणी मूग. तिकडचे लोक त्यांना माश म्हणतात आणि भातात घालतात. शेजारी जिऱ्याचा ढीग. खरबुजं, गाजरं, कांदे, तंदुरीसारखी मोठी गोल रोटी. बाबांची डाळ आणि आईचं मीठ मी उगाच अडीच हजार किलोमीटर वाहून नेलं होतं. हे मी घरी कधीच कळवलं नाही. दर पत्रात लिहायचो, तुमच्या डाळीवरच दिवस काढून राहिलो.

पहिलं वर्ष नुसतं भाषेचं. आमच्या वर्गात व्हिएतनामची दोन मुलं, इथिओपियाचा एक, क्युबाच्या तिघी मुली. ल्युदमिला इव्हानोव्ना नावाच्या बाई शिकवायच्या, अंगाने भरलेल्या, फार मायाळू. एकदा त्यांनी सांगितलं, आपापल्या गावातल्या सणाबद्दल पाच वाक्यं बोला. माझ्याजवळ तेव्हा जेमतेम दोनशे शब्द होते. मी उभा राहिलो. आमच्या गावाजवळ नदी आहे. पलीकडे दुसरं गाव आहे. मधे झाड आहे, झाडाला झेंडा आहे. आम्ही दगड मारतो. ते दगड मारतात. बाईंनी विचारलं, "का?" मी म्हटलं, "एक मुलगा. एक मुलगी." "मग त्यांचं लग्न झालं?" "नाही. मेले." "आणि तुम्ही अजून दगड मारता?" "हो. दर वर्षी. संध्याकाळी सगळे घरी जेवतो. माझी आत्या पलीकडच्या गावात आहे." बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, सण आणि युद्ध, आणि म्हणाल्या, बाळ, तुला यातला नेमका कोणता म्हणायचा आहे? मी सणावर बोट ठेवलं. क्युबाच्या मुलींना त्यानंतर वर्षभर माझ्याबद्दल आदर होता.

माझ्या खोलीत पुण्याचा आपटे होता. गोरा, चष्मा, स्वच्छतेचं वेड. त्याचं माझं मराठी एकच, असं आम्ही दोघंही पहिला आठवडाभर समजत होतो. मग मी त्याला म्हटलं, भाजीत सांबार टाक. तो म्हणाला, सांबार भाजीत कसं टाकायचं, सांबारातच भाजी असते. मी कोथिंबिरीची जुडी त्याच्या डोळ्यांपुढे नाचवली तेव्हा मिटलं. एका रविवारी सगळे सिनेमाला निघाले. आपट्याने खालून हाक मारली, "मधुकर, येतोस ना?" मी खिडकीतून ओरडलो, "जेवून राहिलो." म्हणजे थांबा, घास तोंडात आहे. तो समजला, हा जेवून घरीच राहिला. मी खाली आलो तर सगळे निघून गेलेले, फाटकात नुसतं कुत्रं. आपट्याने ही गोष्ट त्यानंतर प्रत्येक पाहुण्याला सांगितली. ती ऐकताना सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि दर वेळी माझ्या पोटात ती लाल पेन्सिल सरळ रेघ ओढत जायची.

त्या वर्षी ठेच्याची बरणी रोज दोन बोटं खाली जाऊ लागली. कोणी कबूल होईना. आपट्याने कागदावर नियम लिहून स्वयंपाकघरात चिकटवला: 'जो खोटं बोलताना सापडेल त्याने आठ दिवस सर्वांची भांडी घासावीत.' पंधरा दिवसांनी स्वतः आपटेच सापडला, तिखट सोसत नाही म्हणणारा, डोळे लाल, बोट बरणीत. आठ दिवस त्याने भांडी घासली आणि इतकी चकचकीत घासली की आम्ही त्याला आणखी खोटं बोल म्हणून विनवलं.

पुढच्या वर्षी सुखदेव आला. त्याने पुन्हा फॉर्म भरला होता, पुन्हा मुलाखत दिली होती, आणि या वेळी म्हणे दाखल्यावर एकाऐवजी तीन शिक्के मारून नेले होते. मधलं वर्ष त्याने जिनिंगमध्ये काढलं. आधी वजनकाट्यावर, मग गाठी बांधायच्या प्रेसवर. तिथे डाव्या हाताची करंगळी यंत्रात सापडली आणि वाकडी जुळली. विमानतळावर त्याने तोच हात वर करून हलवला. मी करंगळीकडे पाहतो आहे हे पाहून म्हणाला, "पाहून काय राहिला, आता चहा प्यालो तर बोट साहेबासारखं वर राहते." त्याच्या सामानात माझ्यासाठी आईने दिलेलं पाच किलोंचं गाठोडं होतं. वजन जास्त भरलं म्हणून त्याने दिल्लीला स्वतःचे जोडे काढून टाकले होते, गाठोडं नाही. आत आईची चिठ्ठी होती. 'सुखदेव सामान न्यायला आला होता. त्याला आत बसवून जेवू घातलं.' 'आत' या शब्दाखाली तिने रेघ मारली नव्हती, पण मी तो तीनदा वाचला.

शरद ऋतूत तिकडे कापसाचा हंगाम असतो आणि विद्यापीठंच्या विद्यापीठं वेचणीला जातात. आम्हा परदेशी मुलांना सक्ती नव्हती, पण एका रविवारी आम्हीही हौसेने ट्रकमधून गेलो. मैलभर सरळ पांढरे तास, झाडांच्या ओळीच्या ओळी. आपट्याने हातमोजे आणले होते. मी पांढुर्ण्याचा असून कापूस आयुष्यात गाडीतच पाहिलेला, दहा मिनिटांत बोटांना बोंडांची टोकं लागून रक्त. सुखदेव थोडा वेळ कमरेवर हात ठेवून शेताकडे पाहत उभा राहिला आणि हसायला लागला. म्हणाला, "माय म्हणे, पोरा शीक म्हणजे वेचायला जावं लागणार नाही. आणि मी विमानात बसून वेचायला आलो." मग त्याने चादरीची ओटी कमरेला बांधली आणि दोन्ही हातांनी सुरू झाला. साडेनऊ बोटं अशी चालत होती की दिसत नव्हती. दुपारपर्यंत त्याच्या तासाच्या पुढे कोणीच नव्हतं. तिथल्या टोळीच्या मुख्य बाईंनी त्याचे हात उलटेसुलटे करून पाहिले, काहीतरी म्हणाल्या आणि त्याला एक खरबूज बक्षीस दिलं, तान्ह्या मुलाएवढं.

परत आल्यावर त्या खरबुजाचीच मेजवानी. आईच्या मूगवड्यांचा रस्सा, भात, ठेचा. सुखदेव तोंड धुवत होता. आपट्याने हाक मारली, "ढोके, या लवकर, पान मांडलंय." आतून आवाज आला, "येऊन राहिलो." झालं. आपट्याला हसण्याची उकळी फुटली. त्याने माझी जेवून राहिल्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, अभिनयासकट. सुखदेव येऊन बसला होता, तोच सगळ्यांत मोठ्याने हसत होता. आपटे म्हणाला, "तुमच्या गावात माणूस जाऊन राहिला म्हणजे तो अजून बसस्टँडवर असतो. आमच्याकडे जाऊन राहिला म्हणजे त्याने तिथे बिऱ्हाड केलं. संपलं. परत येत नाही तो." सुखदेव हसता हसता थांबला. घास हातात तसाच राहिला. मग त्याने तो खाल्ला, सावकाश, आणि आपट्याला आणखी भात वाढला.

जेवणानंतर भांड्यांची पाळी माझी होती. सुखदेव न बोलावता शेजारी येऊन उभा राहिला आणि मी घासलेली ताटं नळाखाली धरू लागला. खाली अंगणात कोणीतरी अॅकॉर्डियन वाजवत होतं.

"मध्या, नागपूरचा तो साहेब पुण्याचा होता ना?"

"कोणता साहेब?"

"कागदं पाहणारा."

"असन. काय माहीत."

"त्याले तू काय सांगितलं होतं? म्हणजे काय शब्द बोलला, सांग."

मी ताट घासत होतो. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. म्हटलं, "इतकं कुठं आठवते बे. सव्वा वर्ष झालं."

तो माझ्याकडे पाहत होता, हे मला न पाहता कळत होतं. मग तो "बरं" म्हणाला. माझ्या हातातलं ताट घेतलं, धुतलं आणि फळीवर उभं करून ठेवलं. आमच्या डोक्यावर भिंतीला आपट्याचा नियम चिकटवलेला होता.

त्यानंतर आम्ही चार वर्षं तिथे एकत्र काढली. बर्फात घसरून पडलो, परीक्षेत एकमेकांना सांभाळलं, समरकंदला जाऊन आलो, त्याचं एका लायब्ररीवाल्या मुलीवर मन बसलं आणि तिचं लग्न झालं तेव्हा मी त्याला दोन दिवस चहा करून पाजला. तो मला कधी काही बोलला नाही. माझ्याच्याने बोलवलं नाही. मी एक वर्ष आधी परतलो, पुण्याला नोकरी लागली, शैलाशी लग्न झालं, ती साताऱ्याची. सुखदेव मागून आला, मोठी नोकरी सांगून आलेली असताना सौंसरलाच धरून राहिला. बोरगावच्या बाजूला थोडी जमीन घेतली, संत्र्याची बाग लावली, आणि आता त्या भागात कुणाच्या बागेत पाणी साचून झाडं पिवळी पडली की लोक त्यालाच बोलावतात. त्याची चिठ्ठी यायची, नंतर फोन यायचे. प्रत्येक बहाराला माझ्या घरी संत्र्यांची पेटी यायची. मी ती उघडायला शैलाला सांगायचो.

गेल्या हिवाळ्यात निवृत्त झालो आणि पहिल्याच आठवड्यात एकटा निघालो. नागपूरहून सौंसरची बस धरली आणि बसमधून त्याला फोन केला. "सुखदेव, मी येऊन राहिलो." तो म्हणाला, "ये ना बे, त्याच्यात विचारायचं काय." घरी त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, पाणी दिलं, चहा दिला. अंगणात संत्र्यांचा ढीग होता, सुखदेव लहानमोठी फळं निवडत बसला होता. मी त्याच्यासमोर पाटावर बसलो, आणि वहिनी तिथेच आहेत हे पाहूनही थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा तसाच परत गेलो असतो. साहेब, पेन्सिल, मावशीची मुलं, गिळलेलं वाक्य, सगळं सांगितलं. बोलताना माझी भाषा आपोआप गावाची झाली होती.

तो एक संत्रं सोलत होता. पूर्ण सोलून झालं, धागे काढून झाले.

"तुले माहीत होतं?" मी विचारलं.

"अंदाज होता," तो म्हणाला. "पण अंदाजावर कोणाले भांडी घासायले लावता येत नाही."

"म्हणजे?"

"हे पाहा. साहेबाले तू जे बोलला ते तर खरंच बोलला. मी जाऊनच राहिलो होतो ना. चुकला तो. पुढचं तू गिळलं, ते वाईट केलं. लय वाईट केलं. एक वर्ष गेलं माझं. पण पोट्टा होता तू, समोर विमान उभं होतं. मी असतो तर काय केलं असतं, शपथ घेऊन नाही सांगत." त्याने करंगळी वर केली. "अन् याच्याकडं असा पाहू नोको. हे मशीननं मोडलं, तू नाही." मग त्याने अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. "पण ताश्कंदला मी तुले समोरासमोर विचारलं. तवा तू आठवत नाही म्हटलं. ते खोटं होतं का नाही?"

"होतं."

"मंग त्याचा नियम हाये. भिंतीवर लावला होता."

"आठ दिवस?" मी म्हटलं.

"हाव. आठ दिवस."

वहिनी म्हणाल्या, "अवो, काही तरी बोलता. भाऊजी इतक्या वर्षांनी आले, पाहुणे हायेत." सुखदेव म्हणाला, "पाहुणा असता तर सोडलं असतं." आणि फळं निवडायला लागला. मला वाटलं थट्टा करतो आहे. पण दुपारची जेवणं झाली तशी त्याने स्वतः मोरीशी पाट ठेवला, राखेचं भांडं आणून ठेवलं, साबण ठेवला, आणि वहिनींना आत पाठवलं. मी बाह्या सरसावून बसलो. ताटं, कढई, रश्श्याचं पातेलं, सकाळपासूनचे सहा कप. सगळे कप एकसारखे होते. शेजारची एक म्हातारी फाटकातून डोकावून म्हणाली, "हे कोण होय गा, सुखदेव? काय करून राहिले?" तो म्हणाला, "मोठे साहेब होय, पुण्याचे. भांडे घासून राहिले." म्हातारीने मान डोलावली, जणू पुण्याचे साहेब येतात ते यासाठीच.

तेवढ्यात फोन वाजला. माझे हात कोपरापर्यंत साबणात. सुखदेवने माझ्या खिशातून फोन काढला आणि माझ्या कानाला धरला. करंगळी वर.

शैला होती. "कुठे आहेस? संध्याकाळच्या गाडीत बसतोयस ना?"

"सौंसरला येऊन राहिलो," मी म्हटलं.

तीस वर्षांच्या संसारानंतरही ती या वाक्याला अडते. "म्हणजे वाटेत आहेस, की राहिलायस?"

कढई अजून तशीच होती, बुडाशी काळी. मी म्हटलं, "राहिलोय. आठ दिवस."